आटलेल्या पाण्याचा ताळेबंद

पाऊस लांबला, की आमच्या शाखेत सर्वांत आधी सराफाच्या फेऱ्या वाढत. सोनेतारण कर्जासाठी आलेल्या दागिन्यांची पारख करणारा, बँकेच्या यादीवरील हा सराफ एरवी आठवड्यातून दोन दिवस येई. श्रावण कोरडा गेला, की तो रोज येऊन माझ्या दालनाबाहेरच्या टेबलावर कसोटी आणि काटा मांडून बसे. प्रथम पाटल्या येत, मग गळ्यातील एखादा जाड सर, मग कानांतील फुले. पोतीतील मणी सोडवून कुणी नुसत्या वाट्या पुढे ठेवल्या, की टंचाई आता घरात शिरली आहे, हे निराळे सांगावे लागत नसे. तहसील कार्यालयातून अंतिम पैसेवारी जाहीर होण्यास तेव्हा अद्याप तीन-चार महिने अवकाश असे.

माझ्या नोकरीची सुमारे बारा वर्षे जालना, बीड आणि लातूर या तीन जिल्ह्यांतील शाखांमध्ये गेली. निवृत्तीनंतर जुन्या दैनंदिन्या चाळताना ध्यानात आले, की दुष्काळाविषयी आपण जे वाचतो ते बहुधा भेगाळलेल्या जमिनीविषयी आणि टँकरच्या संख्येविषयी असते. पाऊस पडला, की छायाचित्रे बदलतात, टँकर थांबतात आणि विषय मागे पडतो. हिशेब मात्र मिटत नाही. तो कोणत्या वहीत जाऊन बसतो, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवले जाते, की नफा-तोटा पत्रक एका वर्षाचे असते आणि ताळेबंद आजवरच्या सर्व वर्षांचा. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी दुकान वा आडत असल्याने हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. एखाद्या वर्षी पाऊस रुसला, की शेतकऱ्याचे उत्पन्न बुडते. तो नफा-तोटा पत्रकावरील आघात होय. पुढच्या मृगात पेरणी साधली, तर तो बहुतांशी भरून निघतो. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही पाणी नसेल, तर घरखर्च भागविण्यासाठी माणूस मालमत्तेला हात घालतो. बैलजोडी जाते, दुभती म्हैस जाते, दागिने जातात, फळबाग तुटते. त्यांच्या जागी उभी राहते ती कोरडी विंधन विहीर, म्हणजे जिचे मूल्य शून्य आणि जिच्यावरील कर्ज पूर्ण, अशी मालमत्ता. मग चौथ्या वर्षी आभाळ कितीही भरून आले, तरी त्याचा लाभ उचलण्याचे साधनच हाती उरलेले नसते. मराठवाड्यातील टंचाईचा आर्थिक अर्थ मला तरी असाच दिसला.

आठ जिल्ह्यांच्या या प्रदेशाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ८७ लाख. वार्षिक पाऊस सरासरीने ७०० मिलिमीटरच्या आसपास. हा आकडा तसा अगदीच क्षुल्लक नव्हे. परंतु सरासरी ही बँकवाल्यांना जितकी प्रिय, तितकीच शेतकऱ्याला निरुपयोगी असते. २०१२ साल कोरडे गेले. २०१४ आणि २०१५ या लागोपाठच्या दोन पावसाळ्यांत प्रत्येकी सुमारे ४० टक्के तूट पडली. २०१८ मध्ये पुन्हा दुष्काळ जाहीर झाला आणि २०२३ मध्येही कित्येक तालुके त्यातून सुटले नाहीत. मधल्या काही वर्षांत उलट अतिवृष्टीने उभे पीक पाण्यात गेले. जमिनीखाली सर्वत्र काळा कातळ. त्याच्या भेगांत आणि मुरुमाच्या थरात जेवढे पाणी मुरेल तेवढीच शिल्लक. उत्तरेकडील गंगेच्या खोऱ्यासारखे गाळाचे खोल भांडार येथे नाही.

आता एका कर्जखात्याची हकिगत सांगतो. नाव-गाव सांगण्याचे प्रयोजन नाही.

२००९ साली मी जालना जिल्ह्यातील एका शाखेचा व्यवस्थापक होतो. जालन्याची मोसंबी प्रसिद्धच आहे. पुढे तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. एका मध्यमवयीन बागायतदाराची दोन एकर बाग होती, सुमारे सव्वादोनशे झाडे, नुकतीच फळावर आलेली. मोसंबी लावल्यापासून पाचव्या वर्षाच्या सुमारास फळ देऊ लागते आणि नीट सांभाळली तर पुढे दहा-पंधरा वर्षे देत राहते. म्हणजे पहिली काही वर्षे केवळ खर्च आणि त्यानंतर दीर्घकाळ उत्पन्न. कर्जाचे हप्तेही त्याच हिशेबाने बांधलेले असतात. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात कमी पडू लागले म्हणून त्यांनी विंधन विहीर, पंप आणि ठिबक संच यांसाठी कर्ज मागितले. मी स्वतः शेत पाहिले. सातबारा निर्वेध होता, जुने खाते चोख होते, माणूस सरळ होता. प्रस्ताव मंजूर केला. १८० फुटांवर पाणी लागले. त्या संध्याकाळी त्यांनी शाखेत पेढे आणून दिले होते.

त्यानंतरच्या दोन वर्षांत त्याच शिवारातून आणखी सहा प्रस्ताव आले. प्रत्येकाचा सातबारा निराळा, तारण निराळे, परतफेडीची क्षमता निराळी. प्रत्येक प्रस्ताव मी स्वतंत्रपणे तपासला आणि प्रत्येक नियमात बसला. सातही कर्जे एकाच पाण्यावर दिली जात आहेत, हे माझ्या ध्यानात आले नाही. किंवा प्रामाणिकपणे लिहावयाचे तर, अंधुकसे आले होते, पण कर्जप्रस्तावाच्या नमुन्यात ते लिहिण्यास रकाना नव्हता आणि मार्च महिना जवळ आला होता. एकच घर सात बँकांकडे गहाण ठेवून कुणी कर्ज उचलले, तर आपण त्याला फसवणूक म्हणतो आणि पोलिसांत जातो. येथे कुणीही कुणाला फसवले नव्हते. सात प्रामाणिक माणसांनी एकच ठेव सात ठिकाणांहून काढली, आणि ती काढण्याची साधने एका बँक अधिकाऱ्याने पुरविली.

२०१२ चा पावसाळा कोरडा गेला. मोसंबीला बहार धरण्यापूर्वी काही आठवडे पाणी तोडून ताण देतात. ताण संपवून पाणी दिले, की झाड फुलते. त्या वर्षी ताण संपलाच नाही. माझ्या बागायतदारांच्या १८० फुटांच्या विहिरीत डिसेंबरपासून पंप हवा ओढू लागला. तमिळनाडूतील तिरुचेंगोडच्या विंधन यंत्रांच्या गाड्या तेव्हा जिल्ह्यात रात्रंदिवस फिरत होत्या. पाणाड्याने हातावर नारळ उभा करून जागा दाखवावी आणि गाडीवाल्याने फुटामागे दर घेऊन खोदावे. पाणी लागो न लागो, पैसे फुटांचेच. दुसरी विहीर ३५० फुटांपर्यंत गेली. तिला केवळ ओल लागली. तिसरी ५०० च्या पुढे नेली. वर आला तो पांढरा धुरळा. दुसरीसाठी पत्नीचे दागिने आमच्याच शाखेत गहाण पडले. तिसरीसाठी पैसा कोठून आणला, ते त्यांनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. गावात तो शेकडा तीन ते पाच रुपये महिना या दराने मिळतो, हे दोघांनाही ठाऊक होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये टँकरने झाडे जगविण्याचा प्रयत्न झाला. फांद्या छाटून निदान खोड तरी वाचवावे, असा सल्ला मिळाला, तोही पाळला. मे महिन्यात मी शेतावर गेलो, तेव्हा झाडांची साल सुटू लागली होती. ते म्हणाले, “साहेब, लेकरू लहान असतं तर पुन्हा लावली असती. आता पाच वर्षं थांबायचं कुणी?”

जूनमध्ये ती झाडे सरपणाच्या भावाने गेली. विक्रीतून आलेली रक्कम तोडणीच्या मजुरीला जेमतेम पुरली. चार-पाच हजार झाडांच्या बागाही त्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यात तुटल्या, तेव्हा सव्वादोनशे झाडांची गोष्ट फार मोठी नव्हे. परंतु जिल्ह्याच्या आकडेवारीत “मोसंबीचे उत्पादन घटले” अशी जी एक ओळ येते, तिच्या मागे असे असते. उत्पादन पुढल्या वर्षी वाढू शकते. झाड वाढण्यास मात्र तितकी वर्षे लागतात, आणि ती वर्षे पोसण्यास लागणारा पैसा तिन्ही विहिरींत गाडला गेलेला असतो.

आमच्या पुस्तकांत यांतील काय उमटले? जवळजवळ काहीच नाही. महसूल खाते पिकाची पैसेवारी काढते. अंतिम पैसेवारी डिसेंबरच्या मध्यास जाहीर होते. ती ५० पैशांच्या खाली आली, की रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अल्पमुदतीच्या पीककर्जाचे पुनर्गठन करावयाचे, म्हणजे ते मध्यम मुदतीच्या कर्जात रूपांतरित करावयाचे. २०१५ पासूनच्या नियमांत नुकसान ३३ टक्क्यांपर्यंत गेले तरी ही सवलत मिळते आणि निम्म्याहून अधिक पीक गेले असेल, तर मुदत पाच वर्षांपर्यंत वाढविता येते. योजना योग्यच आहे. तिच्यामुळे असंख्य शेतकऱ्यांच्या दारात जप्तीची नोटीस गेली नाही. परंतु पुनर्गठित कर्ज बँकेच्या दफ्तरी नियमित मानले जाते. त्यामुळे ३१ मार्चच्या ताळेबंदात ते खाते निरोगी दिसते. शेतकऱ्याच्या घरी बैल नाही, बाग नाही, दागिने तिजोरीत. आणि आमच्या अहवालात थकबाकीचे प्रमाण समाधानकारक. पुढच्या वर्षी पुन्हा पाऊस गेला, की जुन्या पुनर्गठित हप्त्यावर नव्या पीककर्जाचा बोजा चढतो. २०१४ आणि २०१५ या जोडदुष्काळाने हेच केले.

कर्जमाफीविषयी लिहिणे टाळता येण्याजोगे नाही. २००८ ची केंद्राची, २०१७ ची दीड लाखांपर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची राज्याची, अशा तिन्हींच्या याद्या बँकवाल्यांनी रात्री जागून केल्या. बँकेची वही तिच्यामुळे स्वच्छ होते, शेतकऱ्याला पुन्हा पीककर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा होतो, हे खरे. पण परवाना नसलेल्या सावकाराचे, साडूचे, कृषी सेवा केंद्राचे आणि कापड दुकानाचे देणे कोणत्याही यादीत येत नाही. माझ्या अंदाजाने कोरड्या वर्षी वाढणारे कर्ज मुख्यतः हेच असते.

येथे आपल्या दुकानांकडे वळू. मराठवाड्यातील बहुतेक तालुक्यांच्या बाजारपेठा शेतमालावर जगतात: आडत, बियाणे-खते, किराणा, कापड, भांडी, सोनेचांदी. माझ्या वडिलांची धान्याची आडत होती. १९७२ साली मी शाळकरी होतो. दुष्काळी कामांवरून परतणाऱ्या बायका संध्याकाळी लाल मिलो विकत घेत, हे मला आठवते. वडील म्हणत, की विहिरींत पाणी आहे पण कणगीत दाणा नाही. पुढच्या दुष्काळांत हे अगदी उलट झाले. रेशनच्या दुकानात धान्य आणि विहीर कोरडी. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा बदल फार मोठा आहे. धान्य दुसऱ्या राज्यातून आणून विकता येते. पाण्यावाचून पिकणारी खरेदीशक्ती कोठून आणावयाची?

तालुक्याच्या पेठेत टंचाई कशी उतरते, तिचा एक ठरलेला क्रम मी पाहिला आहे. सर्वप्रथम ट्रॅक्टर आणि मोटारसायकलीची विक्री थांबते. मग लग्ने पुढे ढकलली जातात किंवा आखडती होतात. त्याचा फटका कापड, भांडी आणि सराफ यांना बसतो. सराफाचे तर दुहेरी चालते, विक्री थांबते आणि मोड वाढते. त्यानंतर आडतीवर आवक घटते, हमालांना काम राहत नाही, आणि हमालाकडे पैसा नसला, की चहाची टपरी व किराण्याची उधारी. सर्वांत शेवटी, बहुधा दुसऱ्या वर्षी, दुकानदार स्वतःची मुदत ठेव मोडण्यास येतो. खतावणीत “मागील बाकी” या शब्दांपुढचा आकडा दर दिवाळीला फुगत जातो आणि तो येणे म्हणून मांडला जातो. एका ज्येष्ठ व्यापारी स्नेह्यांनी मला एकदा विचारले होते, “ही उधारी मी मालमत्तेत धरतो. तुम्ही धराल का?” कॅश क्रेडिटची मर्यादा ठरविताना सहा महिन्यांपेक्षा जुनी येणी आम्ही वगळत असू, त्यामुळे उत्तर त्यांना ठाऊक होते. अनेक घरांतील पुढच्या पिढीने त्या सुमारास पुणे गाठले. दुकान चालू राहिले, पण भांडवल आणि तरुण माणूस दोन्ही बाहेर गेले. एखाद्या प्रदेशाची गुंतवणूक अशी शांतपणे बाहेर जाते तेव्हा तिची नोंद कोणी ठेवत नाही.

ज्यांच्याकडे बाहेर नेण्यासारखे भांडवल नाही, ते श्रम बाहेर नेतात. बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात लाखो माणसे जातात. नवरा-बायकोच्या जोडीला “कोयता” म्हणतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घ्यावयाची आणि हंगामभर ती फेडावयाची. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर ही दोन माणसांच्या सहा महिन्यांची तारणगहाण आहे. उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. कोरडे साल जितके लांबेल तितके कोयते वाढतात, आणि त्यांच्या मागून शाळा सोडून जाणारी मुलेही. पगारदारांना एक गोष्ट कदाचित ठाऊक नसेल. वेतनातून दरमहा जो व्यवसाय कर कापला जातो, त्याचा १९७५ चा कायदा झाला तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. १९७२ च्या दुष्काळातून ती योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मी स्वतः पस्तीस वर्षे तो कर भरला. तो मला कधी जाचला नाही, कारण त्यातून झालेले पाझर तलाव मी पाहिले आहेत; त्यांपैकी कित्येक पुढे गाळाने भरले, हेही पाहिले.

शहरांची गोष्ट लातूरवरून कळते. लातूर म्हणजे तूरडाळीच्या गिरण्या, सोयाबीनचा मोठा बाजार आणि बाहेरगावच्या विद्यार्थ्यांनी भरलेले शिकवणी वर्ग. शहराला पाणी देणारा धनेगावचा मांजरा प्रकल्प २०१६ च्या उन्हाळ्यापूर्वीच कोरडा पडला. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्या आणि भरणा केंद्रांभोवती जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिरजेहून पहिली “जलदूत” रेल्वे निघाली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, म्हणजे एका खेपेस २५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या वर होती. भागाकार केला, तर एका पूर्ण गाडीतून माणशी साडेसहा लिटर पाणी येते. देशभर त्या गाडीचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. परंतु बाकीचे पाणी प्रत्येक कुटुंबाने, वसतिगृहाने, दवाखान्याने आणि गिरणीने खासगी टँकरवाल्याकडून विकत घेतले. ज्याच्या घरी गच्चीवर मोठी टाकी, त्याला एकदम पूर्ण टँकर घेता येई, म्हणून लिटरमागे स्वस्त. ज्याच्या घरी दोन घागरी, त्याला तेच पाणी महाग. कर गरिबाकडून जास्त दराने वसूल करणारी याहून परिणामकारक व्यवस्था कोणत्याही अर्थमंत्र्याला सुचली नसती. त्याच उन्हाळ्यात औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या मद्यनिर्मिती कारखान्यांचे पाणी उच्च न्यायालयाच्या आदेशाने बरेच कमी केले गेले. जायकवाडीतील पाण्यावर शेती, शहर आणि उद्योग हे तिघेही हक्क सांगतात, आणि वर नाशिक-नगरच्या धरणांचा वाद आहेच.

आता उसाविषयी. कृषिमूल्य आयोगाच्या अहवालांत असे नमूद आहे, की महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्रापैकी ४ टक्क्यांहून कमी क्षेत्रावर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी तो घेतो. एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरच्या आसपास पाणी खर्ची पडते. या हिशेबाने लातूरला आलेल्या पन्नास वाघिणींच्या गाडीतील पाण्यात साडेबारा क्विंटल साखर होईल. पन्नास किलोची पंचवीस पोती. मांजरा आणि तेरणा खोऱ्यांत कारखान्यांची संख्या वाढत गेली, तेव्हा हे गणित कुणी मांडले नाही.

परंतु उसाबद्दल शेतकऱ्याला दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. तूर, सोयाबीन, कापूस यांचा भाव काढणीच्या वेळी कोसळू शकतो. उसाला कायद्याने ठरलेला दर मिळतो, तोडणीची टोळी आणि गाडी कारखाना पाठवतो, आणि गारपीट झाली तरी ऊस पूर्ण जात नाही. जो दोन-तीन दुष्काळांत होरपळला आहे तो सुरक्षित पीक शोधणारच. आणि आम्ही बँकवाले त्यात मागे नव्हतो. उसाला कर्ज देण्यास आम्ही उत्सुक असू, कारण हप्त्याची रक्कम कारखाना ऊसबिलातून कापून परस्पर बँकेला पाठवीत असे. वसुलीची एवढी निश्चिती तुरीत कोठे? त्यामुळे पीककर्जाची एकरी मर्यादा उसाला सर्वांत अधिक आणि जोखीम सर्वांत कमी, असे आमच्या कागदांवर लिहिलेले होते. जोखीम खरोखर कमी होती, बँकेची. ती जमिनीखालच्या पाण्यावर ढकलली गेली होती.

याच पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, शेजारच्या नगर जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. तेथे मी निवृत्तीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा गेलो. जलसंधारणाची कामे अनेक गावांनी केली. या गावाचे वेगळेपण मला त्यांच्या “पाण्याच्या ताळेबंदात” दिसले. पावसाळा संपला, की गावातील पर्जन्यमापकावरून किती पाणी आले हे मोजतात, पिण्यासाठी आणि जनावरांसाठी लागणारे आधी बाजूला काढतात, आणि उरलेल्या पाण्यात रब्बीची कोणती पिके किती क्षेत्रावर घ्यावयाची ते ग्रामसभेत ठरवितात. पाऊस कमी झाला, तर पिके बदलतात. शेतीसाठी विंधन विहीर खोदण्यास गावाने स्वतःच मनाई केली आहे, उसासारख्या पिकांनाही. पोपटराव पवार यांचे नाव त्यासाठी सर्वपरिचित आहे. माझ्या दृष्टीने तेथे सात जणांना एकच ठेव काढता येत नाही, एवढे पुरेसे होते. जालना जिल्ह्यातील कडवंचीनेही पाणलोटाच्या कामातून आणि द्राक्षांतून २०१२ चे वर्ष निभावून नेले. तेथील शेततळ्यांचे मात्र मला थोडे भय वाटते. विहिरीतून उपसलेले पाणी प्लास्टिकच्या अस्तरात साठविले, की ते एकाच्या तिजोरीत जाते. बीड जिल्ह्यात २०१३ मध्ये भारतीय जैन संघटनेने तलावांतील गाळ काढण्याचे मोठे काम केले, त्याचा लाभ मी त्या भागातील खातेदारांकडून ऐकला आहे. गाळ काढल्याने जमेची बाजू वाढते. खर्चाची बाजू ग्रामसभेवाचून कोण ठरविणार? राज्याच्या भूजल कायद्यात २०० फुटांहून खोल विहिरीला शेतीसाठी मनाई आहे. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत तो लागू झाला, आणि ५०० फुटांच्या विहिरी खोदणाऱ्या गाड्या तालुक्याच्या चौकात तशाच उभ्या असत.

नोकरीची शेवटची काही वर्षे मी कर्जप्रस्तावाच्या नमुन्यावर, समासात, पेन्सिलीने तीन ओळी लिहू लागलो होतो: या शिवारात आपल्या शाखेने दिलेल्या विहिरींची संख्या, मागील उन्हाळ्यात त्यांपैकी किती चालू होत्या, शेजारच्या विहिरीची खोली. यासाठी पाऊण तास जास्त लागे, दोन चहा आणि एक शेतफेरी. काही प्रस्ताव मी त्यावरून नाकारले आणि त्या शेतकऱ्यांचा रोष ओढवून घेतला. एकाने दुसऱ्या बँकेतून तेच कर्ज घेतले. हे तीन रकाने छापील नमुन्यात असावेत, असे टिपण वरिष्ठ कार्यालयाला पाठविले. विहित नमुन्यात बदल करण्याचा अधिकार या कार्यालयास नाही, असे उत्तर सव्वा महिन्याने आले.

गेल्या वर्षी एका लग्नाच्या निमित्ताने जालन्याकडे जाणे झाले, तेव्हा वाट वाकडी करून त्या बागायतदारांकडे गेलो. दोन एकरांत सोयाबीन होते, चांगले दाणेदार. बांधालगत तीन लोखंडी नळ्या जमिनीतून हातभर वर आलेल्या, तिन्हींच्या तोंडावर दगड ठेवलेले, नातवंड पडू नये म्हणून. मुलगा वाळूजला कंपनीत आहे. आमचे कर्ज २०१७ च्या यादीत मिटले होते. दागिने त्यांनी कसेबसे सोडवून आणले होते, एक पाटली सोडून. खासगी देणे अजून थोडे बाकी होते. त्यांनी चहा पाजला आणि संकोचत विचारले, की मुलगा पुन्हा मोसंबी लावू म्हणतो, शाखेत आता ओळखीचे कोणी आहे का. मी त्यांना आजूबाजूला किती विहिरी झाल्या आहेत ते विचारले. त्यांनी बोटे मोजली आणि अकरावर थांबले. नवीन व्यवस्थापकाचा दूरध्वनी क्रमांक मी त्यांना दिला नाही, देतो असे म्हणालो.

परतताना गावाच्या वेशीवर तमिळनाडूच्या क्रमांकाची गाडी उभी होती. चालक सावलीत झोपला होता आणि यंत्राच्या दांड्या पुढच्या शिवारासाठी धुऊन ठेवल्या होत्या.